मूल्यमापन म्हणजे केवळ पेपर नव्हे

बी.एड.च्या आंतरवासितेसाठी मी वेल्हे तालुक्यातील एका शाळेत 16 आठवडे होते. सातवीचे सामान्य विज्ञान माझ्याकडे होते. शेतकरी, धनगर, महादेव कोळी आणि कातकरी अशा सर्व घरांतील मुले त्या वर्गात एकत्र बसतात.

‘आता परीक्षाच नसतात का?’ असे अनेक हितचिंतक विचारतात. परीक्षा असतात, पण त्या एकाच तऱ्हेच्या नसतात. 1 एप्रिल 2010 रोजी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये, मुलाला काय समजले आणि ते त्याला वापरता येते का, याचे सातत्याने मूल्यमापन व्हावे असे म्हटले आहे. त्यानुसार महाराष्ट्रात त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. वर्षभर चालते ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित. सातवीसाठी आकारिकला 40 टक्के आणि संकलितला 60 टक्के भार आहे. आकारिकसाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि स्वयंमूल्यमापनासारखी इतर साधने वापरता येतात.

सातवीचा पहिलाच पाठ सजीवांच्या अनुकूलनाचा आहे. पाठ संपल्यावर मी छोटी लेखी चाचणी घेतली. ‘अनुकूलन म्हणजे काय?’ या प्रश्नापुढे कातकरी वाडीवरच्या एका मुलाने काहीही लिहिले नव्हते. त्याच आठवड्यात ‘ओढ्यातला एक जीव’ हा उपक्रम ठेवला होता. नीट पाहणे, फरक सांगणे, कारण देणे आणि नोंद करणे अशी चार मुद्द्यांची पडताळा सूची मी हातात ठेवली होती.

त्या मुलाने दगडाखालचा खेकडा नांग्या चुकवून मागच्या बाजूने धरला आणि उलटा करून दाखवला. पोटावरची झडप रुंद असली तर मादी, कारण तिथे ती अंडी सांभाळते. निमुळती असली तर नर. अंग चपटे असल्यामुळे तो फटीत शिरतो, हेही त्याने आपल्या बोलीत सांगितले. चारपैकी तीन मुद्द्यांपुढे मी खूण केली. अनुकूलन त्याला समजले होते. त्याच्याकडे नव्हता तो पुस्तकातला शब्द, आणि लिहिण्याचा सराव.

पेपर आणि उपक्रम शेजारी ठेवले की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसते. ‘याला विज्ञान येत नाही’ असे म्हटले तर पुढे काय करायचे ते कळत नाही. ‘निरीक्षण पक्के, नोंद कच्ची’ असे लिहिले की उद्याचे काम ठरते. आम्ही आधी चित्र काढून घेतले, मग चित्राला नावे आणि शेवटी दोन वाक्ये. त्यानंतरच्या चाचणीत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी दिली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ तोंडी घेतले तर बोलकी मुले पुढे जातात आणि लाजरी मागे राहतात. गटकार्यात एकाच्या कामावर चौघांना गुण मिळू शकतात. शिवाय 2023-24 पासून आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यामुळे लेखन टाळून मुलाचे भले होणार नाही.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते. त्यासोबत केवळ गुणांचा आकडा गेला, तर नव्या शाळेतील शिक्षकांना तो मुलगा ‘कच्चा’ एवढाच दिसेल. वर्णनात्मक नोंदींची चार वाक्ये गेली, तर शिकवणे कुठून सुरू करायचे ते त्यांना कळेल.

आपण एखाद्या वाडीवर किंवा वसतिगृहात गेलात, तर मुलांना ‘किती गुण मिळाले?’ असे विचारण्याआधी ‘काय करून दाखवतोस?’ असे विचारून पाहा. उत्तर ऐकायला मात्र थोडा वेळ काढून जा.