टाक्यांजवळची गाठ

सुरत शहर गुजरातचे खरे. परंतु उधना, लिंबायत या भागांतून हिंडताना पुष्कळदा आपली मराठीच कानी पडते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबे कापडाच्या धंद्यानिमित्त तेथे स्थिरावली आहेत. त्या घरांतील काय किंवा आपल्या खेड्यांतील काय, भगिनींना क्वचित जडणाऱ्या एका दुखण्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. विषय संकोचाचा आहे. परंतु संकोचापायीच हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

सिझेरियनने बाळंतपण होऊन काही महिने, बहुधा काही वर्षे लोटतात. मग पोटावरील व्रणाशेजारी सुपारीएवढी कठीण गाठ हातास लागते. पाळी आली की ती ठणकते; पाळी सरली की दुखणे ओसरते. प्रत्येकीस हा नेम दिसतोच असे मात्र नाही. कोणी म्हणते, टाक्याचा धागा आत राहिला. कोणी हर्निया म्हणते. कोणी गळू समजून शेकत बसते. सासूबाईंस वाटते, सून काम चुकविते. ती बिचारी मुकाट्याने सोसते.

हे घडते कसे? गर्भाशयाच्या आतील अस्तर दर महिन्यास वाढते व पाळीच्या वेळी गळून पडते. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचे सूक्ष्म कण जखमेत पडून तेथेच रुजतात, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. जागा बदलली तरी त्यांचा धर्म बदलत नाही. तेथेही ते पाळीबरोबर सुजतात, आणि रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. यासच एंडोमेट्रिओसिस म्हणतात. शंभर सिझेरियनांत एकीलाही हे क्वचितच होते. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा १७.२ होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ झाले. म्हणून याची माहिती घरोघरी हवी.

गोळ्यांनी वेदना काही काळ शमते. गोळ्या थांबताच बहुधा परतते. खरा उपाय शस्त्रक्रियेचाच. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरआय करून गाठ किती खोल आहे ते पाहतात. मग शल्यचिकित्सक गाठीभोवतीचा सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भाग धरून ती समूळ काढतात. गाठ पोटाच्या स्नायूत शिरली असेल तर तेवढा भागही काढावा लागतो, आणि खिंडार मोठे राहिल्यास जाळी बसवितात. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली की निदान पक्के होते. गाठ पूर्णपणे निघाली तर ती पुन्हा उद्भवण्याचा संभव थोडा असतो; मुळे राहिली तर मात्र दुखणे परत येऊ शकते. म्हणून गळू समजून ती कोणाकडून फोडून घेऊ नये.

सुरतेस १९६४ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याशी संलग्न न्यू सिव्हिल हॉस्पिटल आहे. इतरत्रही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात प्रथम दाखवावे. जाण्यापूर्वी दोन-तीन महिने भिंतीवरील दिनदर्शिकेत दोन खुणा कराव्यात : पाळीच्या दिवसांची एक आणि दुखण्याच्या दिवसांची दुसरी. त्या जुळल्या तर डॉक्टरांस मोठीच दिशा मिळते.

शेवटी घरधन्यांस एक विनंती. पत्नीस एकटीला धाडू नका, बरोबर जा. आणि सासूबाईंनो, सून दर महिन्यास पोट धरून बसत असेल, तर रागावण्यापूर्वी तिची विचारपूस करा.