उभं राहून बघणाऱ्यांची बाजू



गळीत हंगाम उतरणीला लागला की आपल्या भागातल्या तरण्या पोरांचे पाय कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडे वळतात. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची गाठ असली तर मग बघायलाच नको. बसायला पायऱ्या असतात, पण चेंडू गोलाजवळ गेला की बसतो कोण? 'बसूनच बघायचं तर घरी टीव्ही आहे की!' असे तिथे सर्रास ऐकू येते.

आपल्याला ही हौसेची गोष्ट वाटेल. परंतु मैदानात उभं राहून सामना बघायचा की खुर्चीवर बसून, या प्रश्नावरून इंग्लंड आणि जर्मनीत गेली तीस-पस्तीस वर्षे वाद चालला. त्यापायी कायदे झाले, चौकश्या झाल्या. त्यामागे माणसांचे जीवही गेले होते. ही हकीकत भागधारक सभासदांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले, कारण ती फिरून फिरून सभासदाच्या मतापाशीच येते.

टेकडीचे नाव पडलेला उतार

इंग्लंडमधील जुन्या फुटबॉल मैदानांवर दोन्ही गोलांच्या मागे काँक्रीटच्या पायऱ्यांचे मोठे उतार असत. त्यावर खुर्च्या नाहीत, नंबर नाहीत. मध्ये मध्ये कमरेएवढे लोखंडी कठडे, म्हणजे गर्दीचा रेटा आला तर तो तिथे अडावा. तिकीट सगळ्यात स्वस्त. गोदीतला हमाल, गिरणीतला कामगार, शाळकरी पोर, सगळे तिथे. यजमान संघाचे कट्टर पाठीराखे ज्या टोकाला उभे राहत ती त्यांची घरची बाजू. बाप जिथे उभा राहायचा, त्याच कठड्यापाशी पुढे मुलगा उभा राहायचा.

यातली सर्वांत नावाजलेली बाजू लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरची. तिला 'कॉप' म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून पडले. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात त्या टेकडीवर इंग्रजांचा मोठा संहार झाला आणि त्यात लिव्हरपूलकडची बरीच पोरे कामी आली. सन १९०६ मध्ये मैदानावर नवा उतार उभा राहिला, तेव्हा लोकांना ती टेकडी आठवली. आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्याच टेकडीच्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात बॅरिस्टर मोहनदास गांधी होते.

कॉपवर एकेकाळी पंचवीस हजारांहून अधिक माणसे उभी राहत. वर छत असल्याने आवाज बाहेर न जाता मैदानावर पडे. गाणे कुणी ठरवून सुरू करत नसे. एका कोपऱ्यात दोघे-चौघे म्हणू लागत आणि श्वासभरात सारा उतार म्हणू लागे. गोल झाला की गर्दी लाटेसारखी दहा-वीस पायऱ्या खाली जायची आणि परत वर यायची. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर रिंगण बघताना जे अंगावर येते, त्यातलाच हा प्रकार.

सगळेच गोड होते असे मात्र समजू नये. याच उतारांवर मारामाऱ्या झाल्या, काळ्या खेळाडूंना घाणेरड्या शिव्या दिल्या गेल्या. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर लिव्हरपूलचे काही पाठीराखे दुसऱ्या बाजूवर धावून गेले आणि ३९ माणसे मेली, त्यात बहुतेक इटालियन. सत्तरीच्या दशकापासून इंग्लंडमध्ये गुंडगिरीला आळा म्हणून मैदानाच्या कडेने उंच जाळ्या ठोकल्या आणि उतारांचे कप्पे पाडले. मेंढरांच्या वाड्यासारखे.

दारं धरणारा कुठे होता?

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड गावच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा चषक स्पर्धेचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेन नावाची बाजू दिलेली. बाहेर फिरत्या फाटकांशी गर्दी तुंबली. तीन वाजता सामना, म्हणून २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडण्याचे मोठे दार उघडले. दोन हजारांवर माणसे आत आली आणि समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेली. ते कप्पे आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना तिकडे वळवायला कुणी उभेच नव्हते.

आपण शेतकरी आहोत. दारं धरणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाटाचे दार मोडण्याआधी आपण बघतो, पुढचा वाफा भरला का, पाणी कुठे वळवायचे. वाफा तुडुंब भरला असताना वरून दार सोडले तर बांध फुटणारच. इथे बांध म्हणजे लोखंडी जाळी होती, ती फुटेना. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते. पुढच्यांना मागे सरता येत नव्हते.

अशा वेळी माणसे पायदळी तुडवून मरतात असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. चारी बाजूंनी छाती इतकी दाबली जाते की श्वास आत घ्यायला जागा उरत नाही. माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला. या दुर्घटनेत एकूण ९७ जीव गेले. त्यातला सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. शेवटचा माणूस तर त्या दिवशीच्या इजेने ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला.

वरून कडी म्हणजे, दोष मेलेल्यांवरच टाकला गेला. लोक दारू पिऊन आले, तिकिटाशिवाय घुसले, असे पसरवण्यात आले. नातेवाईक मात्र हटले नाहीत. २०१२ मध्ये स्वतंत्र मंडळाने कागद बाहेर काढले, तेव्हा पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाल्याचे दिसले. २०१६ साली ज्यूरीने निकाल दिला: हे मृत्यू बेकायदेशीर हत्या होत, आणि प्रेक्षकांचा दोष नाही. एवढे ऐकायला २७ वर्षे लागली.

आपल्याला हे परके वाटू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बगान यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक दगावले. आणि २५ जानेवारी २००५ रोजी आपल्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. मैदान असो की देवीचा डोंगर, वाट अरुंद, गर्दी अनावर आणि दारं धरणारा जागेवर नाही, म्हणजे तेच होते.

खुर्ची आली, माणूस गेला

हिल्सबरोची चौकशी न्यायमूर्ती टेलर यांनी केली. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात त्यांनी मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायची जागा असावी अशी शिफारस केली. पण त्याच अहवालात, उभं राहणे हे मुळातच धोक्याचे आहे असे नव्हे, हेही त्यांनी नमूद केले. उभं राहणाऱ्याच्या खिशाला परवडेल अशाच दराची खुर्ची ठेवता यावी, असेही सुचवले. पहिली शिफारस अमलात आली. दुसरी कागदावर राहिली.

३० एप्रिल १९९४ रोजी कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. नॉर्विचविरुद्ध लिव्हरपूल ०-१ ने हरले. त्यानंतर तिथे खुर्च्या बसल्या आणि माणसे निम्म्याच्या आसपास आली. मैदाने सुधारली, संडास-पाण्याची सोय झाली, बाया-मुले निर्धास्त येऊ लागली. हे चांगलेच झाले, ते नाकारता येणार नाही. पण दर चढत गेले. ज्यांच्या आवाजाने मैदान घुमायचे, त्यातल्या पुष्कळांना दारातूनच परत फिरावे लागले. पूर्वी मित्रांसोबत उभे राहता यायचे, आता ज्याचा जो नंबर तिथे त्याने बसायचे. सलगच तुटली, मग गाणे कुठून उठणार?

मत आणि आवाज

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे उभ्याच्या जागा ठेवल्या, पण कठडे, दरवाजे आणि मोजून सोडायची शिस्त पक्की केली. डॉर्टमुंडच्या मैदानावर दक्षिणेच्या एकाच उतारावर सुमारे पंचवीस हजार माणसे उभी राहतात. सगळे पिवळ्या रंगात, म्हणून तिला 'पिवळी भिंत' म्हणतात. तिथले तिकीट बसण्याच्या तिकिटापेक्षा बरेच स्वस्त असते.

हे का टिकले? कारण १९९८ च्या नियमाप्रमाणे जर्मन क्लबाने व्यवसायासाठी कंपनी काढली तरी निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या संस्थेकडे राहावे लागते. भांडवलवाल्याने पैसा घालावा, पण कारभाराचा कासरा त्याच्या हाती जाऊ नये. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे जुने कारखान्यांचे क्लब याला अपवाद आहेत, आणि पळवाट काढणारेही आहेत. तरी नियम उभा आहे. सभासद वार्षिक सभेला जातो, हात वर करतो, जाब विचारतो. हे आपल्याला काही नवीन नाही.

पूर्व बर्लिनच्या युनिऑन क्लबाची गोष्ट तर आपल्या माणसांची वाटावी अशी. २००४ साली क्लब बुडायला आला. तिकडे रक्तदानाचे थोडे पैसे मिळतात. पाठीराख्यांनी रक्त दिले आणि ते पैसे क्लबाला दिले. पुढे त्यांचे जुने मैदान मोडकळीस आले. बांधायला पैसा नाही, तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांवर पाठीराख्यांनी श्रमदान केले. गवंडी, सुतार, कारकून, निवृत्त माणसे, जो तो आपल्या सुट्टीत आला. एक लाख चाळीस हजार तास काम झाले असे सांगतात. पुढे २०११ मध्ये मैदानाचे शेअर काढले, पाचशे युरोला एक, आणि ते सभासदांनी घेतले. त्या मैदानावर सुमारे २२ हजार माणसे मावत आणि त्यांतल्या खुर्च्या चार हजारही नव्हत्या. २०१९ मध्ये संघ पहिल्यांदा वरच्या गटात चढला, तेव्हा हा दिवस न बघता गेलेल्या आपल्या माणसांचे फोटो लोक हातात धरून उभे होते. हे वाचताना आमचेही डोळे पाणावले.

२०१२ साली जर्मनीतही उभ्याच्या जागांवर गदा येते की काय असे झाले. सुरक्षेच्या नव्या नियमावलीवर १२ डिसेंबरला क्लबांचे मतदान होते. त्याआधीच्या सामन्यांत देशभरच्या पाठीराख्यांनी एक गोष्ट केली. पहिली १२ मिनिटे १२ सेकंद कुणी तोंड उघडायचे नाही. पन्नास-पन्नास हजारांची मैदाने आणि चेंडूला लाथ मारल्याचा आवाज ऐकू येतोय! वेळ भरली की छप्पर उडेल असा गजर. जर्मन भाषेत 'श्टिमे' म्हणजे आवाज, आणि 'श्टिमे' म्हणजेच मत. त्यांचे म्हणणे एवढेच होते: आमचे मत नाही, तर मैदानावर रंगतही नाही. नियमावली मंजूर झाली, पण उभ्याच्या जागा राहिल्या.

लिव्हरपूलच्या लोकांकडे मत नव्हते, म्हणून त्यांनी पाय वापरले. ७७ पौंडांचे तिकीट काढायचे ठरले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसे उठून चालू लागली. संघ २-० ने पुढे होता, लोक गेल्यावर सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी दर मागे घेतला.

अखेर २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सीच्या मैदानावर इंग्लंडच्या वरच्या गटात परवानगीने उभे राहणे पुन्हा सुरू झाले. आता प्रत्येक रांगेपुढे कमरेएवढा कठडा असतो, खुर्ची मिटून ठेवता येते आणि एका माणसाला एकच जागा. त्यामुळे लाट खाली येतच नाही. हिल्सबरोत आपली माणसे गमावलेल्यांत यावर एकमत झाले नाही. काहींना ते मान्य झाले, काहींना शेवटपर्यंत नाही. त्यांच्या दुःखापुढे आपण काय बोलणार?

जाता जाता

आम्हांस वाटते ते इतकेच. हिल्सबरोत माणसे उभी होती म्हणून मेली नाहीत. त्यांना कुणी माणसांत धरले नाही, म्हणून मेली. आणि ज्या मैदानावर उभ्या माणसाला नीट जागा, परवडणारे तिकीट आणि सभेत मत मिळाले, तिथला आवाज अजून शाबूत आहे.

यंदा शाहू स्टेडियमवर जाल तेव्हा जरूर ओरडा. पण आत शिरताना बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघून ठेवा, लेकरांना कठड्याच्या पुढे लोटू नका, आणि दारात गर्दी तुंबली तर मागून रेटा देऊ नका. यात्रेत तसेच, आणि आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या मांडवातही तसेच. सभेला या, मागे उभे राहावे लागले तरी या. उभ्या माणसाचा हातही मोजला जातो.