चिपळूणमधले घर आणि ऑनलाइन जाहिरात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिपळूणमध्ये घर घ्यायचे म्हणून मुंबई-ठाण्यात बसून मोबाइलवर जाहिराती चाळणाऱ्यांचा पहिला समज असा की, पडद्यावर दिसते तेवढेच गावात विकायला आहे. तालुक्याच्या गावात बरेच व्यवहार ओळखीतून, गॅलरीला टांगलेल्या ‘विकणे आहे’च्या पाटीवरून आणि स्थानिक व्हॉट्सॲप ग्रुपवरून ठरतात, ते संकेतस्थळापर्यंत पोहोचतच नाहीत. उलट एकच फ्लॅट मालक आणि दोन-तीन एजंट वेगवेगळ्या किमतींना टाकतात, आणि विकला गेल्यावरही जाहिरात तशीच राहते.

जाहिरातीतली किंमत म्हणजे गावातला भाव, हा दुसरा समज. ती केवळ मालकाची अपेक्षा असते. व्यवहार किती रुपयांना नोंदला गेला, हे सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे ‘इंडेक्स टू’मध्ये कळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक भरला की जवळपासच्या दस्तांची सूची मोफत पाहता येते. तिच्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरच्या दराने काढलेले मूल्य. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जास्त रकमेवर भरावे लागते. त्याच इमारतीतले दोन-चार दस्त पाहून मग किमतीची बोलणी करणे केव्हाही शहाणपणाचे.

किमतीला लागूनच क्षेत्रफळाचा घोळ येतो. रेरा कायद्यानुसार प्रवर्तकाने विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर, करायची असते. त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. आतल्या भिंती धरतात. जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत मात्र सर्रास ‘बिल्टअप’ किंवा ‘सुपर बिल्टअप’ आकडा असतो. समजा, ६५० चौरस फुटांचा फ्लॅट २६ लाखांना आहे. दर ४,००० रुपये दिसतो. कार्पेटवर चढवलेले ३० टक्के लोडिंग काढले की कार्पेट ५०० चौरस फूट उरते आणि खरा दर ५,२०० होतो.

महारेरा क्रमांक नसेल तर जाहिरात बोगस, हेही सरसकट खरे नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. मालकाने स्वतःचा जुना फ्लॅट विकतानाही ती लागत नाही. लहान गावातल्या अनेक इमारती या मर्यादेत बसतात. मोठा नवा प्रकल्प असेल तर मात्र क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून प्रवर्तकाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही. सूट मिळालेल्या इमारतीत ग्राहकाने जास्तच सावध राहावे: नगरपरिषदेची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः मागून वाचावे.

सर्वांत महाग पडणारा समज जागेबद्दलचा. नकाशावरची खूण आणि ‘स्टँडपासून पाच मिनिटे’ एवढ्यावर जागा कळत नाही. जाहिरातीत ‘चिपळूण’ लिहिलेले घर शेजारच्या खेर्डी ग्रामपंचायतीत असू शकते. तिथे घरपट्टी आणि पाण्यासाठी नगरपरिषद नव्हे, ग्रामपंचायत गाठावी लागते. त्याहून गंभीर गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पाण्याने बाजारपेठ आणि एसटी स्टँडचा परिसर बुडाला. २००५ च्या जुलैतही शहराने मोठा पूर पाहिला होता. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधने असतात, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. पूररेषेबद्दल नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारावे आणि ‘एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं?’ हे शेजाऱ्यांना विचारावे. तळमजल्याचे घर स्वस्त का, याचे उत्तर तिथेच मिळते.

‘व्हेरिफाइड’ शिक्का पाहून मालकीची खात्री झाली असे मानणे चूक. असा शिक्का साधारणतः फोन क्रमांक किंवा छायाचित्रे तपासल्याचा असतो. मालकी हक्क तपासणे हे संकेतस्थळाचे काम नाही. त्यासाठी शहरी मिळकतीचे मालमत्ता पत्रक, जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार पाहून वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा लागतो. कोकणात एकाच उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची डझनभर नावे असणे नित्याचे. त्यातल्या एकाने जाहिरात दिली म्हणून बाकीच्यांचा हिस्सा जात नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला जातो, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. प्लॉटची जाहिरात असेल तर जमीन अकृषिक आहे का, हे आधी विचारावे. कारण महाराष्ट्रात शेतजमीन, काही अपवाद सोडता, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही.