मेंढपाळाचा सोबती

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या माळरानावर सायंकाळ झाली, की धनगर आपल्या मेंढ्या वाघरीत कोंडतात. वाघर म्हणजे खुंटांना ताणून बांधलेल्या जाळ्याचे कुंपण. कुंपणाबाहेर कुत्रा पुढचे पाय पसरून बसतो. दिवसभराच्या पायपिटीने धन्याला झोप लागते. कुत्रा मात्र पाल्याच्या सळसळीनेही कान टवकारतो. लांडग्याची चाहूल लागताच तो भुंकू लागतो आणि सारा वाडा जागा होतो. एका रात्रीत चार-दोन कोकरे गेली, तरी धनगराचे मोठे नुकसान होते. म्हणूनच हा राखणदार त्याला घरच्या माणसासारखा वाटतो.

हा कुत्रा दिसावयास साधा असतो. त्याचे अंग सडसडीत व केस बहुधा आखूड असतात. परंतु मेंढपाळांची कुत्री सर्वत्र सारखी नसतात. हिमालयातील गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याचे केस दाट असतात. बिबट्याने नरडे धरू नये, म्हणून त्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात. 'ओल्ड इंग्लिश शीपडॉग' या जातीचा कुत्रा तर इतका केसाळ असतो, की त्याचे डोळेही झुलपांआड लपतात. इंग्लंडात पूर्वी तो गुरे व मेंढ्या बाजारापर्यंत हाकत नेई. तेथील थंडीपावसात हे केसच त्याचे पांघरूण होत.

असे गोजिरवाणे पिल्लू पाहिले, की ते घरी आणावे असे कोणासही वाटेल. परंतु बीडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो. आपल्याला घाम येऊन अंग थंड होते. कुत्र्याला मात्र घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. कडक उन्हाळ्यात केसाळ कुत्र्याला उष्माघात होऊन त्याचा जीवही जाऊ शकतो. शिवाय त्याचे केस नित्य विंचरावे लागतात. नाहीतर त्यांच्या जटा होतात. रानोमाळ हिंडणारी ही जात दाराशी साखळीने बांधून ठेवली, तर ती चिडखोर बनते.

तेव्हा कुत्र्याच्या रूपावर भुलण्यापूर्वी आपल्या गावची हवा, घरातील जागा आणि त्याला देता येणारा वेळ यांचा विचार करावा. गावातलेच एखादे पिल्लू पाळले, तर तेही तितकाच जीव लावते. त्यालाही सावली, पाणी, धावण्यास मोकळी जागा आणि रेबीजची लस हवीच.

पहाटे वाघर सुटते. मेंढ्या चरावयास निघतात, आणि रात्रभर जागलेला तो राखणदार त्यांच्या मागोमाग चालू लागतो.