कूचगीत आणि कंपवात

माझे एक रुग्ण १९७१ च्या युद्धात लढलेले. कंपवातामुळे उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. मुलाने दुसऱ्या महायुद्धातले आझाद हिंद सेनेचे ‘कदम कदम बढाये जा’ लावले आणि आजोबा चालू लागले! हा चमत्कार नव्हे. या विकारात मेंदूकडून हालचालींना मिळणारी लय बिघडते. कानावर पडणारा ठेका ती उणीव काही अंशी भरून काढतो. मात्र लष्करी कूच मिनिटाला सुमारे १२० पावलांची. त्या वेगाने रुग्ण तोंडघशी पडायचा. म्हणून आधी त्याची पावले घड्याळ लावून मोजावीत, तेवढ्याच ठेक्याचे गाणे लावावे, सोबत कोणीतरी असावे. गोळ्या बंद करू नयेत. युद्धाच्या आठवणीने रुग्ण अस्वस्थ झाल्यास गाणे थांबवावे. आमच्या आजोबांना आता भलरीही चालते.