लिव्हर जड झाली की तेल सोडायचे?

दौंड-शिरूरकडच्या बातम्यांत ‘बोट’ हा शब्द बहुतेक वेळा वाळूबरोबरच येतो. भीमेच्या किंवा घोडच्या पात्रात महसूल खात्याने जिलेटिन लावून बोटी उडवल्या, एवढीच ती बातमी. त्या बोटींशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. राजेगाव, खानोट्याकडून पुढे उजनीचे पाणी पसरते. तिथे मासेमारीच्या, पैलतीरी माणसे पोचवणाऱ्या आणि हिवाळ्यात भिगवणजवळ रोहित पक्षी दाखवणाऱ्या बोटी चालतात. जुन्या बोटीचे मालक इंजिनाचे तेल, फिल्टर, प्लग वेळेवर बघतात. पण हातातल्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या दोन केबलींकडे, म्हणजे एक गिअरची आणि एक रेसची, तुटेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही.

लिव्हर जड झाली की पहिला उपाय ठरलेला असतो: केबलच्या तोंडाशी तेल सोडा. पण बोटीच्या बहुतेक केबलींना आतून प्लास्टिकचे अस्तर असते आणि त्या कारखान्यातूनच बंद होऊन येतात. वरून सोडलेले तेल आतपर्यंत पोचत नाही, तोंडाशी मात्र धूळ आणि गाळ धरून ठेवते. ग्रीस लावायचे ते फक्त बाहेर दिसणाऱ्या टोकांना आणि सांध्यांना, तेही पुसून घेतल्यावर. खरा दोष शोधायचा तर इंजिन बंद करून केबलचे इंजिनाकडचे टोक सोडवा आणि लिव्हर हलवा. हलकी चालली तर अडचण इंजिनावरच्या सांध्यात आहे. जडच राहिली तर लिव्हरकडचे टोकही सोडवा आणि नुसती केबल हाताने पुढे-मागे करून पाहा. ती अडकत असेल, कुठे फुगली असेल, वरचे आवरण तडकले असेल किंवा टोकाशी गंजाचा ओघळ दिसत असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, बदला. दोन्ही एकाच वयाच्या असतील तर दोन्ही बदला. एक गेली म्हणजे दुसरीही फार दूर नसते.

‘मोटारसायकलची क्लच वायर बसते की!’ बसते, पण ती फक्त ओढते. गिअरच्या केबलला ओढणे आणि ढकलणे अशी दोन्ही कामे करावी लागतात. ढकलताना साधी वायर वाकते आणि गिअर अर्धवट पडतो.

गोड्या पाण्यात गंज नाही, हा समज अर्धाच खरा. खाऱ्या पाण्याइतका नाही, एवढेच. उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी ‘उणे’त गेले की बोटी काठच्या गाळात आठवडेच्या आठवडे उन्हात पडून राहतात. उन्हाने आवरण तडकते, पहिल्या पावसाचे पाणी आत शिरते, आणि न हललेली केबल तिथेच धरते.

सर्वांत घातक समज असा: केबल तुटली तर फार तर बोट थांबेल. एकाच लिव्हरवर गिअर आणि रेस दोन्ही असतील आणि बोट पुढच्या गिअरमध्ये असताना गिअरची केबल तुटली, तर काय होते पाहा. काठ जवळ आला म्हणून चालक लिव्हर मागे खेचतो. गिअर बदलत नाही, रेस मात्र वाढते, आणि बोट काठावर आणखी जोरात जाते. अशा वेळी इंजिनच बंद करावे लागते. जुन्या डिझेल इंजिनात नुसती किल्ली फिरवून भागतेच असे नाही. ट्रॅक्टरसारखी ‘स्टॉप’ची केबल ओढावी लागते. ती चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहायचे. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या बंदरात नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा इंजिनाच्या चाचणीदरम्यान बिघाड होऊन ताबा सुटल्याचे नौदलाने सांगितले होते. नौदलाच्या ताकदवान बोटीचे हे होते, तर जुनीचे काय सांगावे!

उजनीत 21 मे 2024 रोजी कुगाव-कळाशी मार्गावर बोट उलटून सहा जण बुडाले. कारण वादळी वारा. केबलीला त्यात दोष देता येणार नाही. पण वाऱ्यात बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवायचे तर गिअर आणि रेस तत्काळ हाताला लागलेच पाहिजेत.

‘गिअर हळूच टाकावा, जपून.’ आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनात, उलटे आहे. रेस पूर्ण कमी करून गिअर एका झटक्यात, ठामपणे टाकायचा. हळूहळू टाकला तर आतले दात एकमेकांवर घासून झिजतात.

लिव्हर आपोआप मागे सरकते म्हणून तिचा घर्षणाचा स्क्रू आवळतच जाणे हाही एक उद्योग. स्क्रू थोडा आवळावा, पण जड केबल आणि ढिला स्क्रू हे वेगळे आजार आहेत.

नवी केबल घेताना जुनीच्या आवरणावर छापलेली लांबी बघा. नसेल तर तिच्या वाटेने दोरी फिरवून मोजा. जास्त लांब घेऊन वेटोळे करू नका, आणि कुठेही साधारण 20 सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नका. बसवल्यावर न्यूट्रलमध्येच इंजिन सुरू होते आणि गिअरमध्ये असताना होत नाही, हे पाहा. ही चाचणी बोट बांधलेली असतानाच करा.

‘धरणातल्या बोटीला कसले कागद?’ लागतात. 1917 च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जहाज कायदा 2021 चा आहे. यांत्रिक बोटीला त्यानुसार नोंदणी आणि तपासणी आवश्यक आहे. तपासणीला नेण्यापूर्वी त्या दोन केबली बघून घ्या.