मन जड, अंग जड... मग मोबाइलच बरा?

मुलामुलींनो, एक प्रश्न विचारू? उत्तर मात्र खरं खरं द्यायचं हं! तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी किंवा मुलगा आहे का, ज्याला सगळे 'ढोल्या', 'ड्रम' म्हणून हाका मारतात? पी.टी.च्या तासाला 'पोटात दुखतंय' असं सांगून तो वर्गातच बसतो. कबड्डीला गडी निवडताना त्याचं नाव सर्वांत शेवटी येतं. घरी गेल्यावर दार लोटून घेतो आणि मोबाइल हातात धरतो. तुम्ही म्हणाल, 'आळशी आहे झालं!' पण थांबा. त्याची सगळी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का?

कदाचित तो मनाच्या डॉक्टरांकडे जात असेल. त्यात लपवण्यासारखं किंवा हसण्यासारखं काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षांच्या दर ७ मुलांमागे एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात सरासरी आठ-नऊ जण! ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो ना? तसंच हे.

वजन का वाढतं?

मन उदास असलं की अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. खेळ सुटतो, झोप बिघडते. कुणी जेवणच टाकतं, तर कुणी सारखं खात सुटतं. त्यात औषधांची भर. ओलान्झापीन, रिस्पेरिडोन अशा काही औषधांनी भूक वाढते आणि वजनही चढतं. सगळीच औषधं अशी नसतात. काहींनी तर भूक उलट कमी होते. पण ज्याचं वजन वाढतं, त्याला वर्गातली चिडवाचिडवी नकोशी होते आणि तो घरात लपतो. घरात लपला की हालचाल आणखी कमी, वजन आणखी जास्त, मन आणखी खट्टू. असं हे घाण्याच्या बैलासारखं गरगर फिरणं!

इथे एक मोठा धोका आहे, नीट वाचा. वजन वाढतंय म्हणून काही मुलं गुपचूप गोळ्या बंद करतात. असं कधीही करू नका. गोळी एकदम थांबवली तर आजार उलटू शकतो. डॉक्टरांना सरळ सांगा, 'माझं वजन वाढतंय, मला त्रास होतोय.' ते मात्रा बदलू शकतात, औषध बदलू शकतात. पण ते त्यांनीच ठरवायचं.

मोबाइलचा वाटा किती?

मोबाइल काही राक्षस नाही. नालासोपारा-विरारच्या कितीतरी घरांत आईबाबा सकाळची लोकल पकडतात ते रात्रीच परततात. अशा वेळी एकट्या मुलाला मोबाइलचीच सोबत असते. पण ही सोबत तीन गोष्टी चोरते. पहिली झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी; रात्री एकपर्यंत रील्स पाहिल्यावर ती कुठून मिळणार? दुसरी भुकेची जाणीव. डोळे पडद्यावर असले की पोट भरलेलं कळत नाही, वेफर्सचं पाकीट कधी संपतं पत्ता लागत नाही. आणि तिसरी चोरी खेळाच्या वेळेची.

पडद्याचा नाद हाताबाहेर गेलेल्यांसाठी बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेत २०१४ साली खास उपचार केंद्र सुरू झालं. म्हणजे यालाही मदत मिळते, नुसता ओरडा मिळत नाही!

घाम गाळला की मन हसतं

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे फक्त वजनासाठी नाही बरं का! २०२३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यांत २,४०० हून अधिक मुलं होती. व्यायामाने मुलांची उदासी कमी होते असं त्यात दिसलं, आणि ज्यांना आधीच मनाचा आजार होता त्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे ज्याला उठणं सर्वांत कठीण, त्यालाच उठण्याचा लाभ अधिक! अर्थात व्यायाम हा औषधाचा जोडीदार, बदली खेळाडू नव्हे.

पण ६० मिनिटं ऐकूनच घाबरलात? अहो, पहिल्या दिवशी दहाच मिनिटं चाला. पुढच्या आठवड्यात पंधरा. आणि वसई-विरारकरांना जागांची काय वाण? चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला वसईचा किल्ला आहे, तिथल्या वाटांवर चाला. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या वाळूवर मोठ्यांसोबत फिरा. पाण्यात मात्र उतरू नका. जीवदानीच्या तेराशेहून जास्त पायऱ्या पहिल्याच दिवशी चढायचा हट्ट नको. आज शंभर चढून परत या, हरकत नाही. पावसात रस्ते तुंबले तर बिल्डिंगचा जिना आहे, गाणी लावून घरातला नाच आहे. औषधाने चक्कर किंवा फार झोप येत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना विचारा.

हे करून पाहा

१. जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.
२. झोपण्याआधी तासभर पडदा बंद. गजराला साधं घड्याळ वापरा.
३. एक तास बसलात की पाच मिनिटं उठा. पाणी प्या, गॅलरीत फेरी मारा.
४. वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. किती दिवस चाललात ते कॅलेंडरवर खुणा करून मोजा.

आईबाबांसाठी दोन शब्द

'जरा बारीक हो' हे वाक्य मुलाने शाळेत दहा वेळा ऐकलेलं असतं. घरी अकराव्यांदा नको. त्याऐवजी चपला घाला आणि म्हणा, 'चल रे, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.' मोबाइल हिसकावून घेऊ नका. वेळ दोघांनी मिळून ठरवा आणि तो नियम स्वतःही पाळा. नवं औषध सुरू होताना वजनाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक लक्षात ठेवा. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येतं.

आणि मुलांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. उद्या गडी निवडताना त्या शेवटच्या मुलाला पहिल्यांदा हाक मारा. त्याच्या खऱ्या नावाने! डाव हरलात तरी चालेल. एक गडी घराबाहेर आला, हे काय कमी झालं?